क्यूएस रँकिंगची साइट: तुलनेला चांगली, कारभाराला नाही

क्यूएस ही जगभरातल्या विद्यापीठांचे क्रमांक लावणारी कंपनी. बहुतेक लोक तिची ही साइट अ‍ॅडमिशनसाठी बघतात, मी बघतो ते विद्यापीठं कशी बदलतायत ते कळावं म्हणून, त्यामुळे रिव्ह्यू त्याच अंगाने लिहितोय.

साइट वापरायला सोपी आहे, विद्यापीठं शेजारी शेजारी ठेवून बघता येतात आणि प्रत्येक निकषाचे मार्क वेगळे दिसतात, हे खरंच कामाचं आहे कारण नुसत्या एकूण नंबरावरून काहीच कळत नाही.

माझी अडचण निकषांशी आहे. परदेशी विद्यार्थ्यांना 5 टक्के, परदेशी प्राध्यापकांना 5, आंतरराष्ट्रीय रिसर्च नेटवर्कला 5. तिकडे 30 टक्के मार्क प्राध्यापकांच्या मतांवर आणि 15 टक्के नोकरी देणाऱ्यांच्या मतांवर, आणि लोकांची मतं काही पटकन बदलत नाहीत, मग विद्यापीठातल्या वरच्या लोकांना वाटतं की आपल्या हातात असलेले मार्क आधी मिळवू, म्हणून इंटरनॅशनल ऑफिस मोठं होतं, त्यासाठी वेगळं वरिष्ठ पद तयार होतं, इंग्रजीतले मास्टर्स कोर्स निघतात, आणि अकॅडमिक कौन्सिलपुढे विषय येतो तेव्हा बरंचसं ठरलेलं असतं! बाहेरून आलेली माणसं मोजली जातात पण त्यातलं कोणी सिनेटवर आहे का, अभ्यासक्रम ठरवताना त्यांना कोणी विचारतं का, याला एकही मार्क नाही. मला हे फार लागतं.

फिनलंडचंच बघा, 2010 पासून नवा कायदा लागू झाला, सरकारी विद्यापीठांच्या बोर्डावर किमान 40 टक्के लोक बाहेरचे हवेत असं ठरलं, त्याच वर्षी तीन संस्था एकत्र करून आल्टो विद्यापीठ सुरू झालं. कारभाराच्या दृष्टीने केवढा मोठा बदल, पण तो चांगला की वाईट हे तपासणारा निकषच इथे नाही.

अजून एक खटकतं, हीच कंपनी विद्यापीठांकडून फी घेऊन क्यूएस स्टार्स नावाचं वेगळं रेटिंगही देते. दोन्ही कामं एकाच घरात नकोत असं माझं स्पष्ट मत.

झुरिक विद्यापीठाने 2024 मध्ये टाइम्स हायर एज्युकेशन या दुसऱ्या संस्थेच्या अशाच रँकिंगमधून अंग काढून घेतलं, अशाने दर्जापेक्षा संख्येवर भर जातो म्हणून. मला ते धाडसाचं वाटलं.

विद्यार्थ्यांसाठी 5 पैकी 4 स्टार, विद्यापीठ चालवणाऱ्यांसाठी 2. आणि कुठलंही विद्यापीठ आवडलं तर त्याच्या स्वतःच्या साइटवर जाऊन बोर्डावर कोण कोण आहे ते नक्की बघा.