गुडघ्यासाठी मागवलं, आता देवघरात ठेवलंय

या फ्रँकिन्सेन्सच्या तेलाला तीन स्टार देतोय, आणि त्यातले दोन निव्वळ वासाचे आहेत.

पावसाळा लागला की आईचा उजवा गुडघा कुरकुरायला लागतो. यंदा तर रंकाळ्याची फेरी पण बंद झाली. त्यात मावशीनं व्हॉट्सअपवर पाठवलं की फ्रँकिन्सेन्सचं, म्हणजे एका धुपाच्या डिंकाचं, तेल लावा, वाळवंटातल्या झाडाचं असतंय, आठ दिवसात फरक. झालं, आईनं धोसरा लावला आणि मी ऑनलाइन मागवलं. 15 मिली, 649 रुपये, कंपनीचं नाव घेत नाही, उगा भांडण नको. लेबलवर लिहिलंय ओमानचं बॉस्वेलिया सॅक्रा (हे त्या झाडाचं शास्त्रीय नाव), शंभर टक्के शुद्ध, आणि खाली ठळक अक्षरात 'बॉस्वेलिक ऍसिडयुक्त'. हे शेवटचं लक्षात ठेवा, सगळी गोम तिथंच आहे.

बाटली काळी काचेची, तिथपर्यंत ठीक. पण वर ड्रॉपर दिलाय रबराच्या फुग्याचा, आणि तो आला तेव्हाच फुगून चिकट झालेला, दाबला की बोटाला काळं लागायचं. असली तेलं रबर खातात राव, म्हणून चांगल्या बाटलीला थेंब थेंब पडणारं प्लास्टिकचं बूच असतंय. ज्याला रोज तेलच विकायचंय त्याला एवढं कळू नये?

वास मात्र नाद खुळा. पहिल्यांदा हुंगलं तर पेंटच्या दुकानात शिरल्यासारखं वाटलं, आणि ते बरोबरच आहे, कारण या तेलात सगळ्यात जास्त असतंय अल्फा-पायनिन, जे टर्पेंटाइनमध्ये पण असतं. मग थोडा लिंबाच्या सालीचा वास येतो, ते लिमोनीन. आणि दहा मिनिटांनी ते दोघं उडून गेले की मागनं जो जुन्या देवळासारखा वास राहतो ना, तो कशाचा हे कुणाला माहीतच नव्हतं, 2016 ला फ्रान्समधल्या लोकांनी शोधून काढलं, ओलिबॅनिक ऍसिड नाव दिलं, अगदी चिमूटभर असतंय म्हणे पण तेच सगळा वास धरून ठेवतं.

झाड ओमानमधल्या धोफारचं. तिथं पण पावसाळा असतो, पण ही झाडं चांगली वाढतात ती डोंगराच्या पलीकडच्या कोरड्या अंगाला. सालीला चीर देतात, दुधासारखा चीक येतो, तो वाळून खडे होतात, त्या खड्यांवरनं वाफ सोडून तेल काढतात. आपल्या सातपुड्यातली सालई म्हणजे याचीच भावकी, फक्त सालईच्या तेलात पायनिनपेक्षा अल्फा-थुजीन जास्त.

आता गुडघ्याचं. सूज कमी करतं म्हणून ज्याचं नाव आहे ते बॉस्वेलिक ऍसिड, शरीरात सूज वाढवणारी ल्युकोट्रिन नावाची द्रव्यं तयार करणारं एक एन्झाइम ते अडवतं. पण हे ऍसिड जड असतंय, पायनिनचा रेणू 136 वजनाचा तर हा 456 चा, वाफेबरोबर वर येतच नाही म्हटलं तरी चालेल, खाली डिंकातच राहतो. म्हणजे वाफेनं काढलेल्या तेलात बॉस्वेलिक ऍसिड शोधणं म्हणजे तांबड्या रश्श्याच्या वाफेत मटणाचा पीस शोधण्यासारखं आहे, वास सगळ्या गल्लीत गेला तरी पीस पातेल्यातच. नागपूरला 2003 च्या सुमारास 30 गुडघेदुखीवाल्यांवर जो प्रयोग झाला आणि ज्यात फरक दिसला, तो पण सालईच्या डिंकाच्या अर्काचा होता, पोटातनं दिलेल्या, तेलाचा नव्हे.

हे सगळं मी वाचलं कधी, तर आईनं तेल तसंच, काही न मिसळता, गुडघ्यावर चोळून दुसऱ्या दिवशी तिथं तळहाताएवढं लालभडक झाल्यावर. "लाव म्हणालास की तूच," असं वर ऐकून घेतलं. बाटली उघडी राहून हवा लागली की पायनिन, लिमोनीन बिघडतात आणि कातडीला जास्तच झोंबतात. लावायचंच तर 30 मिली तिळाच्या तेलात दहा-बारा थेंब, बास.

शंका आली म्हणून कोऱ्या कागदावर एक थेंब टाकून ठेवला. सकाळी बघतो तर भज्याच्या कागदासारखा तेलकट डाग. असलं तेल जवळपास सगळं उडून जायला पाहिजे, बारीक चिकट खूण राहिली तर चालतंय. म्हणजे आत दुसरं कसलं तरी गोडं तेल ढकललंय. कस्टमर केअरला फोटो पाठवला, उत्तर आलं, "नैसर्गिक फरक असू शकतो सर." तिसरा स्टार देणार नव्हतो, पण पार्सल दोन दिवसात आलं म्हणून दिला.

मग महाद्वार रोडला पूजेच्या सामानाच्या एका जुन्या दुकानात बाटली घेऊन गेलो. मालकांनी झाकण उघडलं, लांबूनच हुंगलं आणि म्हणाले, "वास चांगला हाय की, देवघरात लावा. गुडघ्याला कशाला घालवताय?" आणि सालईच्या डिंकाचे खडे पुडीत बांधून दिले, ते पण धुपालाच, खायला नव्हे असं दोनदा सांगून.

आईला आता वैद्यांनी शल्लकीच्या, म्हणजे सालईच्याच, गोळ्या लिहून दिल्यात, बीपीची गोळी चालू आहे ते आधी विचारून घेतलं. तीन आठवडे झाले, जिना चढताना कठड्याला धरते अजून, पण रंकाळ्याला अर्धी फेरी झाली परवा. तेल संध्याकाळी पाण्याच्या वाटीत चार थेंब, खाली पणती. ड्रॉपर फेकून दिला, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं बूच बसलं त्याला.