दोन टीबीच्या डब्यात ६४ जीबीचं कार्ड: २६,२९७ रुपयांचा फटका

लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांनी हे आधी वाचा. तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू होतो, आणि त्याच्या आधीच्या ‘सेल’मध्येच खोट्या एसएसडीचा (डेटा साठवायच्या वेगवान डिस्कचा) हा माल सगळ्यात जास्त खपतो.

घेतलं काय ते आधी सांगतो. ‘पोर्टेबल एसएसडी, २ टीबी’ असे दोन डबे, प्रत्येकी २,१९९ रुपये. सोबत ‘यूएसबी ३.०’ कार्ड रीडर, ३९९ रुपये. एकूण ४,७९७. मोठं ऑनलाइन दुकान, पावती जीएसटीची, चार स्टारच्या वर रेटिंग. डबा ॲल्युमिनियमचा, हाताला जड, टाइप-सी केबल सोबत, वर छापलेलं ‘१०५० एमबी प्रति सेकंद’. आत काय निघालं? यूएसबी २.० चं साधं कार्ड रीडर सर्किट, त्यात खोचलेलं ६४ जीबीचं मायक्रोएसडी, आणि वजन भरायला गरम गोंदानं चिकटवलेली लोखंडी पट्टी. एसएसडीचा पत्ता नाही.

आता कोणी म्हणेल, एवढ्या स्वस्तात दोन टीबी मिळतं का? खरा दोन टीबीचा एसएसडी दहा हजारांच्या आत येत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण सेलच्या दिवसांत निम्म्या किमतीचे बोर्ड सगळीकडं लागलेले असतात, नव्या कंपन्या रोज येतात, आणि परीक्षण लिहिणारे शेकडो लोक ‘मस्त चालतोय’ म्हणत असतात. ते खोटं बोलत नव्हते, हीच गोम आहे. डबा हातात पडल्या पडल्या माणूस चार फाइली टाकतो, उघडून बघतो, पाच स्टार देतो. पहिल्या आठवड्यात दोन टीबी भरतो कोण? परत करायची मुदत सात दिवसांची. ६४ जीबीच्या पुढं गेल्याशिवाय लबाडी उघडी पडत नाही, आणि तोवर सात दिवस उलटलेले असतात.

खरी खूण पहिल्याच मिनिटाला समोर होती. डबा लावला, ‘धिस पीसी’मध्ये आकडा आला १.९५ टीबी. तिथंच थांबायला पाहिजे होतं. कंपनी टीबी मोजते हजाराच्या पटीत, विंडोज मोजतं १०२४ च्या पटीत. म्हणून खरा दोन टीबीचा ड्राइव्ह विंडोजमध्ये १.८१ दिसतो, एक टीबीचा ९३१ जीबी, २५६ चं कार्ड २३८, १२८ चं ११९. हा हिशेब या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे. कमी दिसलं की लोक दुकानदाराच्या अंगावर जातात. जास्त दिसलं तर? जास्त दिसल्यावर भांडायला कोण जातं! १.९५ चा अर्थ सरळ होता: हा आकडा कारखान्यात मोजलेला नाही, कोणीतरी हातानं टाकलेला आहे. सगळेच खोटे डबे असा चुकीचा आकडा दाखवत नाहीत, काही बेणे हुशार असतात आणि बरोबर १.८१ टाकतात. पण १.९५ सारखा, १.८१ च्या बराच पुढचा आकडा दिसला तर पुढं काही तपासत बसू नका. त्याच दिवशी परत करा.

संगणक कुठलीही डिस्क मोजत नाही, हे डोक्यात पक्कं बसवा. तो कंट्रोलरला, म्हणजे डिस्कचा कारभार बघणाऱ्या चिपला, विचारतो ‘तू केवढा?’, आणि कंट्रोलर जे सांगेल ते छापतो. लातूरच्या आडतीवर सोयाबीनच्या कट्ट्यावर लिहिलेलं वजन काट्यावर चढवल्याशिवाय कोणी मानत नाही; इथं आपण लिहिलेलं वजनच मानून चालतो. कंट्रोलरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या प्रोग्राममध्ये, खोटा आकडा भरला की झालं. ६४ जीबीच्या पुढचा डेटा आला की काही कंट्रोलर तो सरळ फेकून देतात, काही पुन्हा पहिल्या जागेपासून लिहायला लागतात आणि जुनं पुसतात. फाइलींची नावं, साइज, तारखा यांची यादी बहुतेक सुरुवातीच्या भागात असते, ती शाबूत राहते. म्हणून ‘वरात’ फोल्डर दिसतो, फाइल ४ जीबीची दिसते, आणि आत नुसती शून्यं.

दुसरी खूण वेगाची. २१० जीबी फुटेज टाकताना मीटर सेकंदाला ३० एमबीच्या आसपास घुटमळत होता. म्हणजे जवळपास दोन तास. यूएसबी ३.० वरचा खरा एसएसडी ४०० एमबीनं चालला तर तेच काम नऊ-दहा मिनिटांचं. पण आपल्याकडं वेग कमी यायला कारणं काय थोडी असतात? कॅबिनेटचा पुढचा पोर्ट ढिला, केबल चार्जिंगची, मध्ये हब. हे सगळं रोजचं असल्यावर ३० एमबी बघून ‘डबाच खोटा’ असं कोणाच्या मनात येईल? तरी आता सांगतो, वेग कमी वाटला तर ड्राइव्ह मागच्या निळ्या पोर्टला थेट लावा. तरीही ४० च्या वर जात नसेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडा. खरा एसएसडी बहुतेक वेळा ‘यूएसबी अटॅच्ड एससीएसआय’ नावाखाली येतो. नुसतं ‘यूएसबी मास स्टोरेज डिव्हाइस’ दिसलं तर संशय धरा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर लावा. खऱ्या एसएसडीचं मॉडेल, तापमान, किती तास चालला हे बहुधा दिसतं. कार्ड खोचलेल्या डब्याचं त्यात नावही येत नाही. लिनक्सवाल्यांनी ‘एलएसयूएसबी’ या कमांडला ‘-टी’ लावून बघावं, ४८० एम आलं तर ते यूएसबी २.० च.

कार्ड रीडरमध्येही तीच लबाडी. प्लॅस्टिक निळं, वर ३.० छापलेलं. प्लगच्या तोंडात बघा: यूएसबी ३.० ला पुढं चार आणि आत मागं पाच, असे नऊ संपर्क असतात. आमच्या रीडरला चारच. निळा रंग कोणीही देतं.

आता नुकसान. दोन प्रती ठेवा, दोन प्रती ठेवा असं जो तो सांगतो. ठेवल्या की दोन! दोन्ही डब्यांत तेच फुटेज टाकलं, काही क्लिप चालवून बघितल्या, त्या चालल्या, मग कॅमेऱ्याची कार्डं फॉरमॅट करून पुढच्या लग्नाला लावली. या धंद्यात कार्डं अशीच फिरवावी लागतात, वर्षभर कोणी भरून ठेवत नाही. १०० एमबीपीएसनं (सेकंदाला १०० मेगाबिट) ४के शूट केलं तर तासाला ४५ जीबी होतात, तेव्हा ६४ जीबी म्हणजे हळद आणि साखरपुड्यातच संपले. मिक्सिंगला, म्हणजे एडिटिंगला, बसल्यावर अक्षतांपासून पुढं सगळं कोरं. ४५,००० च्या ऑर्डरमधले १८,००० पार्टीला परत द्यावे लागले. पैसे देता येतात हो, मुलीच्या पाठवणीचं शूटिंग कुठून आणून देणार?

त्यात रिकव्हरीवाल्यानं ३,५०० घेतले. त्यानं फुकटचं सॉफ्टवेअर रात्रभर चालवून त्याच शून्यांच्या फाइली नव्या पेनड्राइव्हवर दिल्या. जो डेटा चिपवर लिहिलाच गेला नाही, तो जगातली कुठलीच लॅब काढू शकत नाही. आधी पैसे मागणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसेल, असं मला वाटत नाही. काही मिळालंच तर कॅमेऱ्याच्या मूळ कार्डावर मिळेल, तेही त्यावर पुन्हा शूटिंग झालं नसेल तर. कार्ड लगेच बाजूला काढा, कडेचं लॉक खाली करा आणि फोटोरेक हे पुसलेल्या फाइली काढणारं सॉफ्टवेअर चालवा, ते मोफत आहे. फोटो बरे निघतात; मोठ्या व्हिडिओ फाइली तुकड्यांत विखुरलेल्या असतील तर बहुतेक अर्धवटच.

म्हणजे एकूण ४,७९७ अधिक १८,००० अधिक ३,५००. सव्वीस हजार दोनशे सत्त्याण्णव.

तपासणी कशी करायची ते नीट सांगतो, कारण हे कोणी सांगत नाही. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू. जर्मन मासिकवाल्यांचं छोटं, जुनं, फुकटचं सॉफ्टवेअर, इन्स्टॉल करावं लागत नाही. भाषा इंग्रजी निवडा, टार्गेट म्हणून ड्राइव्ह निवडा आणि ‘राइट प्लस व्हेरिफाय’ दाबा. ते एक-एक जीबीच्या फाइली लिहीत जातं आणि नंतर परत वाचून ताडून बघतं. ड्राइव्ह आधी रिकामा हवा. ३० एमबीच्या वेगानं दोन टीबी नुसतं लिहायलाच अठरा-एकोणीस तास लागतात, आणि आपल्याकडची लाईट तेवढा वेळ टिकेल याची खात्री नाही. म्हणून पहिल्या फेरीला ‘ओन्ली’च्या रकान्यात १,५०,००० एमबी टाका. ६४ किंवा १२८ वाला डबा त्यातच उघडा पडतो. शेवटी ‘टेस्ट फिनिश्ड विदाउट एरर्स’ आलं तर पुढं पूर्ण फेरी लावा. ‘डेटा लॉस्ट’ आलं तर तो आकडा आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. लिनक्सवर एफ३ नावाचं तसंच सॉफ्टवेअर आहे: एफ३राइट, मग एफ३रीड. एफ३प्रोब झटपट सांगतो, पण त्याला ‘डिस्ट्रक्टिव्ह’ हा पर्याय लावला तर आतला डेटा जाऊ शकतो. विंडोजच्या पूर्ण फॉरमॅटवर भरवसा नको. खोटा कंट्रोलर फॉरमॅटलाही ‘झालं’ म्हणूनच सांगतो.

खऱ्या ड्राइव्हवरही कॉपी करताना नुसतं ओढून टाकू नका. टेराकॉपी या कॉपी करायच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हेरिफाय चालू ठेवा. चार क्लिप उघडून बघायच्या असतील तर आधी ड्राइव्ह ‘सेफली रिमूव्ह’ करून काढा, पुन्हा लावा, मग बघा. नाहीतर संगणक रॅममधलीच, म्हणजे तात्पुरत्या मेमरीतलीच, फाइल दाखवतो आणि आपण खूश. आणि क्लिप बघायच्या त्या शेवटच्या फोल्डरमधल्या. सगळे पहिल्याच उघडतात. ड्राइव्ह एक्सफॅट या फॉरमॅटमध्येच ठेवा. फॅट३२ मध्ये ४ जीबीची एक फाइलही बसत नाही.

आता साहेब लोकांकडं वळतो.

ऑनलाइन दुकानाचा चॅटवाला म्हणाला, ‘खराबीचा फोटो पाठवा.’ शून्यांचा फोटो कसा काढायचा? एच२टेस्टडब्ल्यूचा स्क्रीनशॉट पाठवला, तर उत्तर आलं: मुदत संपली, विक्रेत्याशी बोला. विक्रेत्याचा फोन बंद. मग पोलीस ठाण्यात. तिथल्या साहेबांनी डबा त्यांच्याच संगणकाला लावला आणि स्क्रीन आमच्याकडं फिरवली. ‘हे बगा, १.९५ टीबी दिसायलंय की! पैसे दिले, वस्तू भेटली. गुन्हा कशाचा?’ खोटा आकडा दाखवणं हाच गुन्हा आहे हे सांगितलं, भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम सांगितलं. ‘ऑनलाइन घेतलंय ना, मग सायबरला जा.’ सायबरवाले म्हणाले, ओटीपी गेला का? नाही? खात्यातून पैसे परस्पर कटले का? नाही? मग हे ग्राहकाचं प्रकरण. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तेच. ग्राहक हेल्पलाइन १९१५ नं तक्रार नोंदवली, नंबर दिला, तक्रार दुकानाकडं पाठवली, दुकानानं ‘मुदत संपली’ हेच परत कळवलं, आणि तेवढ्यावर तक्रार बंद! खोट्या डब्यानं जे केलं तेच यांनी केलं: अर्ज घेतला, ‘झालं’ म्हणून सांगितलं, आत काहीच लिहिलं नाही. एकाही टेबलावर कोणी त्या डब्यात शंभर जीबी भरून बघितले नाहीत. दीड-दोन तासांचं काम होतं, बसल्या जागेवर. पगार घेणाऱ्याला तेवढाही वेळ नाही, आणि आम्ही मात्र सीझनमध्ये दुकान बंद करून यांच्या बाकड्यांवर बसायचं.

तरी अर्ज सोडू नका. ठाण्यात लेखी द्या आणि आवकेचा शिक्का घ्या. दुकानाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल करा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यानं ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा असतो. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो, दोन वर्षांची मुदत आहे, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही, ‘ई-जागृती’ या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या भरता येतो. वकील लागतोच असं नाही.

आणि डबा रागाच्या भरात फोडू नका. फोडला की ‘तुम्हीच आतलं बदललं’ म्हणायला ते मोकळे. आमच्या दोनपैकी एकच उघडला, तोही सलग व्हिडिओ घेत, आधी सील, मग पट्टी, मग कार्ड. दुसरा तसाच ठेवलाय आयोगासाठी. खोका, कुरिअरची चिठ्ठी, पावती सगळं जपा. खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, उत्पादनाचा देश, एमआरपी छापलेली असायला हवी. आमच्या खोक्यावर आयातदाराचं नावच नव्हतं. तुमच्याही नसेल तर तेही तक्रारीत लिहा.

दुकानात समोरासमोर घेत असाल तर लॅपटॉप घेऊन जा. ‘दादा, कंपनीचा माल हाय’ म्हणेल. म्हणू द्या. पावतीवर ‘पूर्ण क्षमता न निघाल्यास पैसे परत’ एवढं लिहून मागा. जो लिहीत नाही त्याच्याकडून केबलसुद्धा घेऊ नका.

ज्यांच्याकडं असा डबा आधीच आहे आणि भरलेला आहे, त्यांनी त्यात आता एकही फाइल टाकू नये. विंडोज ‘स्कॅन अँड फिक्स’ म्हणेल, नाही म्हणा. ती दुरुस्ती उरलीसुरली यादीही विस्कटून टाकते. कार्डाच्या कडेला लिहिणं थांबवणारं लॉक असतं, तशी सोय डब्याला नसते, तेव्हा सगळं तुमच्या बोटांवर आहे. दुसऱ्या खऱ्या डिस्कवर एकेक फोल्डर काढा, सगळ्यात जुने आधी, आणि प्रत्येक फाइल शेवटपर्यंत चालवून बघा. कॅमेऱ्याचं एखादं कार्ड अजून फॉरमॅट व्हायचं राहिलं असेल, तर ते आजच पाकिटात घालून वर लग्नाचं नाव लिहा.