निर्णय चोख, खुलासा तोकडा: ओपनस्टॅक नोव्हाच्या शेड्युलरचे परीक्षण

व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभा केलेला आभासी संगणक) मागणाऱ्याला ती कोणत्या होस्टवर, म्हणजे कोणत्या खऱ्या सर्व्हरवर, चालणार हे सहसा कळत नाही आणि कळण्याची गरजही नसते. पण ते होस्ट ज्याला सांभाळावे लागतात, त्याची झोप याच एका निर्णयावर अवलंबून असते. २०१० साली रॅकस्पेस आणि नासा यांनी मिळून सुरू केलेल्या ओपनस्टॅक या क्लाउड उभारण्याच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये हा निर्णय नोव्हा या घटकातील शेड्युलर (जागा नेमून देणारा भाग) घेतो. गेली काही वर्षे मी तो रोज वापरतो आहे, आणि माझे मत असे की जागा नेमून देण्याच्या कामात तो भरवशाचा आहे, पण जागा का नाकारली हे सांगण्यात फार कमी पडतो.

त्याच्या भरवशाचे श्रेय मुख्यतः प्लेसमेंट या सेवेला द्यायला हवे. २०१६ च्या न्यूटन आवृत्तीत ती नोव्हाच्या पोटात आली आणि २०१९ च्या स्टाइन आवृत्तीत स्वतंत्र झाली. प्रत्येक होस्टकडे व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर), मेमरी आणि डिस्क एकूण किती, त्यांतले राखीव किती आणि कोणत्या मशीनला किती दिले, याची खातेवही ती ठेवते. मागणी आली की ज्या होस्टांवर ती हिशेबाने बसते तेवढेच होस्ट प्लेसमेंट पुढे पाठवते. मग फिल्टर त्यांतले अटींत न बसणारे वगळतात आणि उरलेल्यांना गुण देऊन सर्वाधिक गुणांचा होस्ट निवडला जातो. २०१७ च्या पाइक आवृत्तीपासून शेड्युलर ही निवड होताच, मशीन सुरू होण्याची वाट न पाहता, वाटप खात्यावर नोंदवतो. त्याआधी दोन शेड्युलर एकाच वेळी एकच मोकळी जागा दोघांना देऊ शकत आणि चूक थेट होस्टवर पोहोचल्यावर उघडकीला येई. आता खात्याच्या प्रत्येक बदलाबरोबर एक क्रमांक पुढे सरकतो आणि जुना क्रमांक घेऊन आलेली नोंद नाकारली जाते. इतकी साधी युक्ती, पण समांतर मागण्यांची गर्दी असताना तिची किंमत कळते.

आता तक्रारीकडे वळतो. मशीन कुठेच बसली नाही की मागणाऱ्याला ‘नो व्हॅलिड होस्ट वॉज फाउंड’ एवढेच वाक्य मिळते. परक्या माणसाला आपली क्षमता दाखवू नये हे मला मान्य आहे. पण व्यवस्थापकालाही कारण शोधायला शेड्युलरच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या कामाच्या नोंदींत, उतरावे लागते. एकदा आमच्या सहा होस्टांच्या गटात आठ समर्पित कोर (फक्त तिच्यासाठी राखलेले प्रोसेसरचे भाग) मागणारी मशीन नाकारली गेली, तेव्हा प्रत्येक होस्टवर आठ किंवा त्याहून अधिक कोर मोकळे दिसत होते. लॉगमध्ये फिल्टरांची साखळी होती: पहिल्या फिल्टरपाशी सुरुवातीला ६, शेवटी ६, पुढच्यापाशीही तेच, आणि न्यूमा टोपॉलॉजी फिल्टरपाशी सुरुवातीला ६, शेवटी ०. कोर मोकळे होते, पण ते दोन सॉकेटांत, म्हणजे दोन वेगळ्या प्रोसेसर चिपांत, विभागलेले होते, आणि अशी मशीन वेगळे सांगितल्याशिवाय एकाच न्यूमा नोडमध्ये (काही कोर आणि त्यांच्या जवळची मेमरी यांच्या गटात) बसवली जाते. प्लेसमेंटने संपूर्ण होस्टची बेरीज पाहून होकार दिला, फिल्टरने आतली मांडणी पाहून नकार दिला, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. हे उलगडायला माझी अख्खी दुपार गेली. आकड्यांची ती एक ओळ व्यवस्थापकाच्या पडद्यावर आपोआप आली असती, तर दहा मिनिटांत काम झाले असते.

ही निदान फिल्टरांची गोष्ट झाली. मागणी प्लेसमेंटपाशीच अडली तर फिल्टर चालतच नाहीत आणि शेड्युलरचा लॉग फक्त ‘उमेदवार मिळाले नाहीत’ अशा अर्थाची ओळ लिहून थांबतो. मेमरी कमी पडली की डिस्क, हे त्या ओळीत नसते. मूळ मांडणीत गुण देणारे घटक मशीन पसरवण्याकडे झुकतात, त्यामुळे ही वेळ अनपेक्षितपणे येते. आठ होस्टांवर प्रत्येकी २४ जीबी मोकळी असेल तर बेरीज १९२ जीबी होते, तरीही ३२ जीबीची एकही मशीन बसत नाही. मेमरीच्या गुणांचा गुणक ऋण केला की मशीन एकावर एक रचल्या जातात आणि मोठ्या मागणीसाठी अखंड जागा उरते. मात्र एक होस्ट बंद पडला तर एकदम जास्त मशीन बंद पडतात. मोठ्या आणि लहान मशीनसाठी होस्टांचे वेगळे गट करणे मला यापेक्षा अधिक सुरक्षित वाटते.

पसरवण्याचा आणखी एक परिणाम देखभालीनंतर दिसतो. रिकामा करून परत जोडलेला होस्ट सर्वांत मोकळा असतो, म्हणून नव्या मशीन त्याच्याकडेच धावतात, आणि तो सदोष असेल तर प्रत्येक मशीन अपयशी होऊन तो रिकामाच राहतो व पुढचीलाही ओढतो. यासाठी अपयशी उभारणी मोजून गुण कापणारा घटक दिला आहे, त्याचा मूळ गुणक तब्बल १० लाख आहे, आणि हा उपाय मला मनापासून आवडतो. पहिल्या क्रमांकाऐवजी वरच्या काही होस्टांतून यादृच्छिक निवड करण्याचीही सोय आहे. तिचा मूळ आकडा १ असतो, तो मोठ्या गटात अवश्य वाढवावा.

नवीन उभारणी करणाऱ्याने क्षमतेपेक्षा जास्त वाटपाचे गुणोत्तर स्वतः ठरवावे. सीपीयूसाठी मूळ गुणोत्तर बराच काळ १६ होते, म्हणजे एका खऱ्या कोरमागे १६ आभासी, आणि नंतर ते ४ वर आणले गेले, मेमरीचे १.५ वरून १ झाले. हे बदल योग्यच होते, कारण सीपीयूची टंचाई मशीन हळू करते, तर मेमरीची टंचाई मशीन बंद पाडते.

शेवटचा मुद्दा खरेदीदारांसाठी. हा शेड्युलर जागा नेमताना विचार करतो, नंतर मागे वळून पाहत नाही. व्हीएमवेअर या कंपनीच्या डीआरएस या सोयीसारखे चालत्या मशीन हलवून भार सारखा करणे त्याच्या कामात नाही. त्यासाठी वॉचर हा वेगळा प्रकल्प जोडावा लागतो किंवा मशीन स्वतः हलवाव्या लागतात. हे हाताने करायची तयारी असलेल्या आणि लॉग वाचता येणाऱ्या गटाला मी नोव्हा बिनधास्त सुचवतो. जिथे रात्री लॉग उघडणारे कोणी नाही, तिथे सुचवणार नाही.