होशेयाची द्विभाषी आवृत्ती : आठ महिन्यांच्या वाचनानंतर

डाव्या पानावर हिब्रू मूळ, उजव्या पानावर मराठी भाषांतर आणि तळाशी टिपा, अशी बायबलमधल्या होशेय या संदेष्ट्याच्या पुस्तकाची एक अभ्यास-आवृत्ती मी गेले आठ महिने रोज पहाटे वाचते आहे. अध्याय चौदाच असले, तरी पहिले तीन ओलांडायलाच मला दोन महिने लागले.

छपाई ठळक आणि शिवण पक्की आहे. दोष वचनांच्या क्रमांकांत आहे. हिब्रू परंपरेत पहिला अध्याय नवव्या वचनावर संपतो, तर मराठीत तो अकराव्यापर्यंत जातो, त्यामुळे दुसऱ्या अध्यायात समोरासमोरची वचने दोनाने सरकतात. हे कुठेही सांगितलेले नसल्याने मी दोन दिवस चुकीची ओळ लावून वाचत होते.

त्याहून मोठी खंत एका शब्दाची आहे. मराठी क्रमांकाने २:१६ मध्ये परमेश्वर इस्राएलाला सांगतो की, यापुढे तू मला ‘इशी’ म्हणशील, ‘बआली’ म्हणणार नाहीस. येथे दोन्ही शब्दांना ‘माझा पती’ हाच अर्थ दिल्याने वचनातला जीवच गेला आहे. ‘इशी’ म्हणजे ‘माझा पुरुष, माझा नवरा’; ‘बआल’ म्हणजे मालक, नवरा, आणि पाऊस व पीक देणारा म्हणून पुजला जाणारा कनानी देवही. माझी आजी आजोबांना ‘धनी’ म्हणत असे. शेताचा मालक आणि घरचा नवरा त्या एका शब्दात मावत. तोच शब्द योजला असता, तर इ.स.पू. ८ व्या शतकातल्या त्या शेतकरी समाजाची गफलत टिपेशिवाय कळली असती. धान्य, द्राक्षारस आणि तेल दिले परमेश्वराने, उपकार मानले बआलाचे: संदेष्ट्याचा आरोप मुळात हा आहे, आणि बेथेल येथील देवस्थानातल्या वासराच्या मूर्तीसमोरचे नमन त्यातूनच आलेले आहे.

होशेयाची पत्नी गोमर हिची कथा मात्र मला आजही सहज वाचवत नाही. पंधरा शेकेल (वजनाचे एक माप) रुपे आणि काही जव देऊन होशेय एका स्त्रीला विकत घेतो; ती गोमरच, असे बहुतेक वाचक मानतात. त्याआधीच्या अध्यायात बेइमान पत्नीला उघडी करण्याची, तिची वाट काट्यांनी अडवण्याची भाषा येते. रूपक राष्ट्राबद्दल आहे हे मान्य केले, तरी ते एका बाईच्या अंगावर रचलेले आहे, आणि टिपांनी त्याविषयी एक वाक्यही लिहू नये, हे मला पटत नाही.

सातव्या अध्यायावरची टीप मात्र उत्तम आहे. एफ्राईम, म्हणजे इस्राएलाचे उत्तरेकडचे राज्य, इतर राष्ट्रांत मिसळला आहे, तो न उलटलेली भाकर आहे, असे तिथे म्हटले आहे. एका अंगाने करपलेली आणि दुसऱ्या अंगाने कच्ची राहिलेली भाकरी ज्या हातांनी तव्यावरून उतरवली आहे, त्यांना वेगळे स्पष्टीकरण नको; पण पुढच्याच वचनांत एफ्राईम कधी मिसरला (इजिप्तला) हाक मारतो, कधी अश्शूर या बलाढ्य साम्राज्याकडे धावतो, याच्याशी ही टीप भाकरीचा धागा नेमका जोडते. त्या राज्याची राजधानी शोमरोन इ.स.पू. ७२२ च्या सुमारास पडली ती त्याच अश्शूरच्या हातून.

सध्या मी चौदाव्या अध्यायात आहे. तिथे पश्चात्ताप करणारे लोक एकाच वचनात तीन गोष्टी सोडतात: अश्शूर आम्हांला तारणार नाही, आम्ही घोड्यांवर बसणार नाही, आणि हातांनी घडवलेल्या वस्तूला आमचा देव म्हणणार नाही. तळाशी टीप आहे ती फक्त तिसऱ्या गोष्टीवर. पहिल्या दोन्हींसाठी, म्हणजे अश्शूर आणि मिसरच्या मदतीची खूण असलेले घोडे यांच्यासाठी, मी समासात पेन्सिलीने ‘पाहा ७:८–११’ असे लिहून ठेवले आहे.