पेन्चाक सिलात: तांडिंग बघावं की तुंगल?
सी गेम्समध्ये (आग्नेय आशियाई देशांच्या क्रीडास्पर्धेत) १९८७ पासून पेन्चाक सिलात ही तिकडची मार्शल आर्ट आहे, पण तिचे तांडिंग आणि तुंगल हे दोन प्रकार बघताना दोन वेगळेच खेळ वाटतात. तांडिंग म्हणजे थेट फाइट, अंगावर जाड काळं चेस्ट गार्ड, ठोशाला १, लाथेला २ अन् समोरच्याला पाडलं की ३ पॉइंट, तोंडावर मारायचं नाही, त्यामुळे खरी मजा पाडापाडीत, लाथ मारणारा एका पायावर असतानाच त्याचा पाय धरून उलथवतात ना, हॉल नुसता दणाणतो. तुंगलला एकटाच, ३ मिनिटं, ठरलेल्या १०० हालचाली, आधी मोकळे हात, मग कोयता, मग काठी, चुकलं की मार्क कट. नवख्यांनी तांडिंग बघा, स्कोअर पटकन कळतो. पण मला विचाराल तर तुंगलच भारी, कोयता ठेवून काठी उचलतानासुद्धा लय तुटत नाही राव!