पाच चौरस मीटरचा पॉवर काइट: कापड उत्तम, पण उचलले जाण्याच्या धोक्याविषयी मौन

ऑनलाइन मागवलेला चार दोऱ्यांचा, पाच चौरस मीटर क्षेत्रफळाचा पॉवर काइट (माणसाला ओढण्याइतका जोर असलेला मोठा पतंग) हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत खारघरच्या मैदानांवर आणि अलिबागकडच्या किनाऱ्यावर वापरून पाहिल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे. वस्तू म्हणून तो चांगला आहे. मात्र त्याच्यासोबत आलेली माहितीपुस्तिका इतकी तोकडी आहे की, केवळ तिच्या भरवशावर नवख्या माणसाने तो उडवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रिपस्टॉप नायलॉनचे कापड, कप्प्यांची शिवण आणि वीस मीटरच्या डायनिमाच्या (अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याच्या) दोऱ्या यांबद्दल तक्रार नाही. चारही दोऱ्यांची लांबी पहिल्यापासून सारखी होती, आणि वाळूत अनेकदा आपटूनही शिवण उसवलेली नाही. पिशवी मात्र जेमतेम आहे.

पुस्तिकेत काइट जोडावा कसा आणि गुंडाळावा कसा, याची चित्रे आहेत. वाऱ्याने माणूस उचलला जाऊ शकतो, याविषयी एकही वाक्य नाही. ही उणीव किरकोळ नाही. माणूस उचलणे हे काही पतंगाचे अपघाती वर्तन नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी सॅम्युअल कोडी यांनी ब्रिटिश सैन्यासाठी सैनिकाला टेहळणीकरिता वर नेणारे पतंग तयार केले होते. या काइटची कप्पेदार रचनाही १९६४ मध्ये डोमिना जाल्बर्ट यांनी शोधलेल्या पॅराफॉइलपासून, म्हणजे कप्प्यांत हवा भरून आकार घेणाऱ्या कापडी पंखापासून, आलेली आहे, आणि त्याच घराण्यातल्या पॅराग्लायडरला आज माणसे लटकून उडतात.

पुस्तिकेत ‘मध्यम वारा योग्य’ एवढेच छापले आहे, आणि ते दिशाभूल करणारे आहे. वाऱ्याची ओढ त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी २० किलोमीटरचा वारा एखाद्या झोतात ३० वर गेला, तर ओढ दीडपट नव्हे, सव्वादोनपट होते. ४० वर गेला, तर चौपट. त्यातही स्थिर उभा असलेला काइट आणि आकाशात वेगाने फिरणारा काइट यांत फार मोठा फरक आहे, कारण फिरणाऱ्या काइटला स्वतःच्या गतीमुळे जमिनीवरच्या माणसापेक्षा कितीतरी अधिक वारा लागतो. म्हणूनच खाली शांतपणे उभ्या असलेल्या माणसाला काइट बाजूने डोक्यावर आणताना एकाएकी वर ओढ बसते. शिकाऊ माणूस काइट डोक्यावर नेऊन थांबवतो, कारण तिथे ओढ कमी जाणवते आणि विसावल्यासारखे वाटते. झोताच्या वाऱ्यात हीच जागा सर्वांत धोक्याची असते. काइट समोर किंवा बाजूला असेल तर माणूस फरफटतो, पण डोक्यावर असेल तर सगळी ओढ सरळ वर लागते.

संक्रांतीचा पतंग उडवत वाढलेल्या आपल्या लोकांना इथे आणखी एक सवय आड येते. वारा चढला की ढील द्यायची, हे हाताला लहानपणापासून माहीत असते. या काइटला फिरकी नाही आणि दोरीची लांबी ठरलेली आहे, त्यामुळे ढील देताच येत नाही. हँडल सोडून देणे हाच एक उपाय उरतो, आणि घाबरलेला माणूस नेमके तेच करत नाही. माझ्या सडपातळ पुतण्याच्या टाचा एका झोतात वाळूवरून सुटल्या, तेव्हा मी ओरडत असतानाही त्याने हँडल छातीशी घट्ट धरली होती. सुदैवाने तो झोत क्षणात ओसरला. सोडायचे ते पाय जमिनीवर असतानाच सोडावे लागते. तीन मीटर वर गेल्यावर सोडले, तर माणूस ताशी सुमारे २८ किलोमीटर वेगाने खाली आदळतो. तेव्हा काइट हळूवारपणे डोक्यावर राखून त्याच्या आधाराने उतरणेच कमी वाईट.

यासाठी ब्रेकच्या दोऱ्यांना, म्हणजे काइटच्या मागच्या कडेला बांधलेल्या दोन दोऱ्यांना, जोडलेले मनगटपट्टे सर्वांत महत्त्वाचे आहेत. हँडल सुटली की काइट केवळ ब्रेकच्या दोऱ्यांवर राहतो, त्याचा आकार मोडतो आणि तो खाली येतो. हे पट्टे या संचात नाहीत, वेगळे विकत घ्यावे लागतात. विक्रेत्याने त्याऐवजी कमरेचा हार्नेस सुचवला, तो मी घेतला नाही आणि कोणत्याही नवख्याने घेऊ नये. हार्नेसला अडकलेल्या माणसाने हँडल सोडली, तरी ओढ कमरेला लागलेलीच राहते.

जागेचा प्रश्न नवी मुंबईत अधिक कठीण आहे. उंच अडथळ्यामागे त्याच्या उंचीच्या किमान सातपट अंतरापर्यंत वारा घुसळलेला असतो, असा अनुभवी लोकांचा ठोकताळा आहे. साठ मीटरच्या टॉवरसाठी हे अंतर ४२० मीटर होते. खारघरच्या सेक्टरांमधली मैदाने इतकी मोकळी नाहीत, त्यामुळे तिथे वारा कधी पडतो, कधी अकस्मात उसळतो. डोंगराच्या पायथ्याशीही तीच अडचण येते. उलवे आणि पनवेलकडची मोकळी जमीन विमानतळामुळे वर्ज्य समजावी. १९३४ च्या विमान कायद्याच्या व्याख्येत पतंगही विमानात मोडत होता, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. अलिबागजवळच्या आक्षी-नागावच्या किनाऱ्यावर ओहोटीला घट्ट, रुंद वाळू मिळते आणि दुपारचा समुद्रवारा बराच एकसारखा असतो, म्हणून मी तिथेच जातो. सुट्टीच्या दिवशी मात्र गर्दीमुळे तीही जागा उपयोगाची नाही.

एप्रिल-मेमध्ये पूर्वेला वळवाचा ढग दिसला, तर काइट उघडूच नये. त्या ढगातून कोसळणारी थंड हवा पावसाच्या आधी जमिनीवर पसरते. वाऱ्याची दिशा बदलते आणि वेग काही मिनिटांत कित्येक पट होतो. १३ मे २०२४ च्या दुपारी घाटकोपरचे होर्डिंग कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले, ते अशाच वादळात. लोखंडी सांगाडा पाडणाऱ्या वाऱ्यात हातात पाच चौरस मीटर कापड धरलेल्या माणसाचे काय होईल, याचा विचार पुस्तिका लिहिणाऱ्याने करायला हवा होता.

कापड आणि दोऱ्यांना मी पाचपैकी साडेचार गुण देतो, सुरक्षेच्या माहितीला एकही नाही. पहिलाच काइट घेणाऱ्याने दोन ते तीन चौरस मीटरचा घ्यावा, सोबत मनगटपट्टे, हेल्मेट आणि वारा मोजण्याचे छोटे यंत्र घ्यावे, आणि किमान काही दिवस जाणत्या माणसाला शेजारी उभे करूनच उडवावा. पाच चौरस मीटरचा हा काइट सत्तर किलोच्या आतल्या माणसाने झोताच्या वाऱ्यात वापरू नये. माझ्याकडचा पुतण्याच्या हाती आता देत नाही, त्याच्यासाठी लहान काइट मागवला आहे.