आधी विंग की आधी अंडरट्रे?

फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या रेसकार स्पर्धेसाठी गाडी बांधणाऱ्या ज्युनिअरांकडून दर पावसाळ्यात हाच प्रश्न येतो. हाताशी माणसं चार, कार्बनचं कापड मोजकं, मग पहिलं एअरो, म्हणजे हवेच्या जोरावर गाडी जमिनीकडे दाबणारं अंग, कुठलं करायचं: विंग (उलट्या पंखासारखी पट्टी) की अंडरट्रे (गाडीखालचा घडवलेला तळ)? आमच्या पुण्याच्या टीमने दोन्ही करून पाहिलं, लागोपाठच्या दोन सीझनना. आधी अंडरट्रे, पुढच्या वर्षी विंग. म्हणून जे अनुभवलं ते सांगतो.

कागदावर अंडरट्रेचं पारडं जड आहे, हे सुरुवातीलाच मान्य करतो. गाडीचा तळ आणि जमीन यांच्यामधली वाट अरुंद झाली की हवा वेग घेते, दाब उतरतो, आणि डिफ्युझर, म्हणजे तळाचा मागे उंचावत जाणारा भाग, तिला सावकाश मोकळं करतो. गाडीला खाली दाबणाऱ्या या बळाची, म्हणजे डाऊनफोर्सची, ड्रॅगमधली (हवेच्या विरोधातली) किंमत थोडी, आणि वजनही जमिनीलगत राहतं. मारिओ आन्द्रेत्ती १९७८ मध्ये लोटस ७९ घेऊन फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला, ती गाडी याच तत्त्वावरची. पण तिच्या दोन्ही कडांना जमिनीला टेकणारे सरकते स्कर्ट, म्हणजे पडद्यासारख्या पट्ट्या, होते. फॉर्म्युला वनने ते १९८१ मध्ये बंद केले. स्कर्ट नसले की बाजूची हवा आत शिरते, आणि मग तळाची उंची मिलिमीटरांत सांभाळावी लागते. ब्रेक मारला की नाक खाली जातं, फट बदलते, आणि दाबाचा केंद्रबिंदूही सरकतो.

हे सगळं आम्हाला आधी ठाऊक होतं. मला खरा त्रास झाला तो वेगळाच: गाडीच्या पोटाखाली काय चाललंय ते दिसत नाही.

सरावाला आम्ही एका मोकळ्या पार्किंगमध्ये वळणं आखायला प्लॅस्टिकचे शंकू मांडायचो. ड्रायव्हर म्हणायचा, एका लॅपला मागचं टोक घट्ट बसतं, पुढच्या लॅपला त्याच वळणावर सुटतं. आम्ही टायरचा दाब बदलला, डॅम्पर बदलले, डिफ्युझरचा कोन दोनदा बदलला. सीएफडीमध्ये, म्हणजे संगणकावर काढलेल्या हवेच्या प्रवाहात, सगळं सुरळीत दिसत होतं. शेवटी हवेची वाट ओघळांतून दिसावी म्हणून तळाला रंगाची पूड आणि तेल फासून पाहिलं. गाडी जॅकवर घेऊन बावीस बोल्ट काढेपर्यंत धुळीने निम्मे ओघळ पुसलेले असायचे. रविवारमागून रविवार गेले. हवा नेमकी कुठे सुटत होती ते आजही मला सांगता येत नाही, आणि ती रुखरुख अजून आहे.

विंगचं काम उघड्यावर चालतं. मूळ तत्त्व तेच: खालचा पृष्ठभाग जास्त वक्र, तिथे हवा वेगाने धावते, दाब पडतो, आणि विंग हवेला वर वळवते तशी हवा विंगला खाली ढकलते. यात खालच्या बाजूच्या ओढीचा वाटा मोठा असतो. म्हणून तर हल्ली कितीतरी गाड्यांची विंग वरून, हंसाच्या मानेसारख्या ब्रॅकेटने धरलेली दिसते, खालचा प्रवाह बिघडू नये म्हणून. आम्ही त्या खालच्या बाजूला लोकरीचे बोटभर धागे चिकटवले, समोर फोन लावला आणि गाडी पळवली. मुख्य विंगवरचे धागे सरळ होते. तिच्या मागच्या छोट्या पट्टीच्या, म्हणजे फ्लॅपच्या, मागच्या तिसऱ्या भागातले मात्र वळवळत उलटे फिरत होते, म्हणजे हवा तिथे पृष्ठभाग सोडत होती. मुख्य विंग आणि फ्लॅप यांच्यातली फट आम्ही १५ मिलिमीटर ठेवली होती. ती ६ वर आणली. फटीतून येणारी वेगवान हवा फ्लॅपला चिकटून वाहू लागली आणि धागे शांत झाले. ड्रायव्हरला न सांगता त्याला गाडीत बसवलं. तिसऱ्या वळणानंतर त्याने स्वतःच विचारलं, काय केलंत? एका दुपारचं काम होतं हे.

विंगचे तोटे आहेतच. आमची मागची विंग ब्रॅकेटसह सहा किलोंची झाली, आणि ते वजन ड्रायव्हरच्या डोक्याच्या उंचीवर. शिवाय डाऊनफोर्स वेगाच्या वर्गाने वाढतो. एक चौरस मीटरची विंग आणि लिफ्ट गुणांक (विंग किती जोर देते ते सांगणारा आकडा) अडीच धरला, तर ताशी १०० किलोमीटरला सुमारे ११८ किलो मिळतात, ६० ला जेमतेम ४२. आपली वळणं बहुतेक साठच्या आसपासचीच, त्यामुळे कुणी एवढ्यासाठी खटाटोप नको म्हटलं तर मी वाद घालणार नाही. कोइम्बतूरच्या कारी या रेस ट्रॅकपर्यंत टेम्पोत विंग गोधडीत गुंडाळून न्यावी लागली, तेही आलंच.

ब्रॅकेटवर कंजुषी मात्र करू नका. १९६९ मध्ये स्पेनच्या मोंटज्विक सर्किटवर ग्रॅहॅम हिल आणि योखेन रिंट या फॉर्म्युला वनच्या दोन्ही ड्रायव्हरांच्या लोटसच्या उंच विंग एकाच शर्यतीत, एकाच चढावाच्या माथ्यावर मोडल्या. पुढच्याच मोनॅको शर्यतीच्या वेळी उंच विंगवर बंदी आली.

तुमच्याकडे विंड टनेल (हवा सोडून गाडी तपासायचा बोगदा) मिळण्याची सोय असेल, किंवा टीममध्ये मागच्या वर्षीचं एअरो जाणणारं कुणी टिकून असेल, तर अंडरट्रे वाईट नाही. कदाचित तुम्हाला तो आमच्यापेक्षा चांगला साधेल. पहिलीच खेप असेल तर मी विंगकडे झुकेन. फक्त मागची एकटी बसवू नका, पुढचं टोक हलकं पडून गाडी वळायला नाखूश होते. पुढची आणि मागची जोडीनेच करा. आणि लोकर पिवळी घ्या, कार्बनवर गडद धागा फोनमध्ये दिसत नाही.